अमेरिकेतील गराज सेलमधून दुरुस्त करून वापरण्याजोग्या जुन्या वस्तू कशा निवडाव्यात?

आपण विचारले आहे की नुकत्याच अमेरिकेत आलेल्या कुटुंबाने गराज सेलमधून, म्हणजे लोक आपल्या घरातल्या जुन्या वस्तू दारातच विकायला मांडतात तेथून, काय घ्यावे, त्यातले काय घरच्या घरी दुरुस्त करता येते आणि लाकडी टेबल-खुर्च्या घेण्यात अर्थ आहे का. शेवटी आपण असेही लिहिले आहे की परक्यांच्या घरातली वापरलेली वस्तू आणायला मन धजत नाही. फर्निचरबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे, कारण माझे साडू हेच वाक्य मला वर्षानुवर्षे ऐकवत आले आहेत.

माझे मत विचाराल तर नवशिक्याने सर्वांत आधी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, भांडी शोधावीत. त्यांच्यात मोडण्याजोगा सुटा भाग नसतो, गंज कितीही भीतिदायक दिसला तरी बहुधा वरवरचाच असतो, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चांगल्या अमेरिकी कारखान्यांत ओतकामानंतर तव्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करत असत. आजच्या स्वस्त तव्यांवर ही मेहनत घेतली जात नाही, म्हणून ते हाताला खरखरीत लागतात. अशा तव्यावर घावन काढून पाहा, म्हणजे जुन्याची किंमत कळेल.

आम्ही नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला राहतो. मिसुरी नदी ओलांडून पूर्वेला आयोवात साधारण तासभर गेले की एल्क हॉर्न आणि किंबल्टन ही डॅनिश स्थलांतरितांची गावे लागतात. १८४८ साली डेन्मार्कमध्ये बांधलेली एक पवनचक्की १९७६ मध्ये सुटी करून एल्क हॉर्नला आणली आणि तेथे पुन्हा उभी केली. साडू सहकुटुंब आमच्याकडे आले होते तेव्हा ती पाहायला आम्ही सगळे निघालो होतो. वाटेत एका शेतघराबाहेर गराज सेलची पाटी दिसली आणि मी गाडी वळवली. साडू एसी चालू ठेवून गाडीतच बसले, कारण त्यांच्या मते ही दुसऱ्याच्या घरातली अडगळ विकत घेण्याची हौस होती.

टेबलांवर नेहमीचाच माल होता, म्हणजे नाताळची सजावट, मुलांचे कपडे आणि झाकणे हरवलेले प्लॅस्टिकचे डबे. माझा अनुभव असा आहे की कामाची वस्तू टेबलावर क्वचितच असते, ती टेबलाखालच्या खोक्यात असते, कारण विकणाऱ्याला तिची लाज वाटत असते. त्या खोक्यात गंजाने तांबूस झालेले, सात खळग्यांचे बिडाचे आप्पेपात्र निघाले. पाठीवर ग्रिस्वोल्ड हे कारखान्याचे नाव आणि ३२ हा आकडा होता. घरमालकीण आजींनी सांगितले की हे एब्लस्कीव्हरचे, म्हणजे आप्प्यांसारख्या गोल डॅनिश पदार्थाचे, भांडे आहे. मैदा, ताक आणि अंड्यांचे पीठ त्यात ओतायचे, खालून धरले की विणकामाच्या सुईने थोडे थोडे फिरवत गोल करायचे आणि मुरंब्याबरोबर खायचे. मी त्यांना आपल्या आप्प्यांच्या तांदूळ, उडदाची डाळ आणि आंबवण्याचा हिशेब सांगितला. त्यांना आंबट चवीचे विशेष वाटले नाही, पण त्यात अंडे नसते हे काही केल्या पटेना. सुनेने त्यांना विजेवर चालणारे, न चिकटणारे यंत्र आणून दिले होते, म्हणून हे भांडे विक्रीला आले होते. चिकटपट्टीवर आठ डॉलर लिहिले होते. मी घासाघीस केली नाही. भाव करायचाच असेल तर चार वस्तू एकत्र उचलून करावा; एकट्या आठ डॉलरच्या वस्तूसाठी एखाद्या आजींशी हुज्जत घालणे मला शोभत नाही.

गाडीत बसताच साडू म्हणाले, “त्यात काय काय शिजले असेल, याचा विचार केलास का?” साडू शाकाहारी आहेत आणि मीही आहे, त्यामुळे हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. परंतु त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. बिडावरचा काळा थर म्हणजे तापून घट्ट झालेले तेल. कॉस्टिक सोडा तो थर मुळापासून उतरवतो आणि खाली नुसता राखाडी धातू उरतो. पिवळ्या झाकणाचा ईझी-ऑफ हा भट्टी साफ करणारा फवारा याच सोड्याचा असतो. तो मारून भांडे कचऱ्याच्या जाड पिशवीत बांधावे, उघड्यावर उबदार जागी दोन दिवस ठेवावे, मग घासून धुवावे आणि थर पूर्ण उतरेपर्यंत हेच पुन्हा करावे. हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षण देणारा चष्मा याला पर्याय नाही. उरलेल्या गंजासाठी निम्मे व्हिनेगर आणि निम्मे पाणी पुरते, पण अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ ठेवू नये, कारण गंज संपला की आम्ल लोखंड खायला लागते. खळग्यांचे कोपरे तारेच्या काथ्याने हातानेच घासावेत. ड्रिलला तारेचे चाक लावून भांडे चकचकीत करणारे लोक जुना पृष्ठभाग कायमचा ओरबाडतात.

त्यानंतर तेलाचा नवा थर बसवण्यासाठी भांडे ओव्हनमध्ये कोरडे करावे, गरम असतानाच तेलाचे बोट फिरवावे आणि लगेच, जणू तेल चुकून लागले आहे अशा रीतीने, ते सगळे पुसून टाकावे. मग पालथे घालून ४५० अंश फॅरनहाइटला तासभर तापवावे आणि हे तीन-चार वेळा करावे. बहुतेकांचे भांडे चिकट होते ते तेल जास्त राहिल्यामुळे. जवसाच्या तेलाचा फार बोलबाला आहे, पण त्याचा थर पुढे टवके होऊन निघतो, म्हणून मी साधे कनोला तेल वापरतो.

इतके झाल्यावर त्या भांड्यात परक्याचे काय उरते, हे साडूंनी मला अद्याप सांगितलेले नाही. श्रद्धेमुळे नको असेल तर अवश्य घेऊ नये, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण मग कारण स्वच्छतेचे देऊ नये. शाकाहारी पिझ्झा ज्या भट्टीतून येतो आणि ज्या सुरीने कापला जातो, तेथे ही चौकशी कोणी करत नाही. आणि परक्यांचे म्हणाल, तर आमच्या पिढीच्या घरांतली तांब्या-पितळेची आणि बिडाची भांडी स्टीलच्या हौसेपोटी आपल्याच लोकांनी मोडीत घातली, आणि उरलेले घरपण बोहारणीने नेले. स्वतःच्या आजीचा तवा मिळाला असता तर साडूंनी तो वारसा म्हणून दिवाणखान्यात मांडला असता. दुसऱ्याच्या आजीचा आला म्हणून त्याला अडगळ म्हणणे हा निव्वळ दुटप्पीपणा आहे.

खरेदीच्या वेळी नावापेक्षा प्रकृती पाहावी. पेनसिल्व्हेनियातील ईरीचा ग्रिस्वोल्ड कारखाना १९५७ मध्ये बंद पडला, त्यामुळे संग्राहक त्याच्या मालाला चढा भाव देतात. ओहायोतील सिडनीचे वॅगनर भांडे वापरायला तितकेच उत्तम असते आणि पुष्कळदा स्वस्तात मिळते. तव्यावरचा आकडा इंचांचा नसतो, तो जुन्या चुलीच्या तोंडाच्या मापाचा असतो, म्हणून ८ क्रमांकाचा तवा सुमारे साडेदहा इंच भरतो. बोटाच्या पेराने टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा शोधावा, आणि तडा सापडला तर भांडे फुकटही घेऊ नये. तवा सपाट जागी ठेवून डुगडुगतो का तेही पाहावे, कारण काचेच्या विजेच्या शेगडीवर वाकलेला तळ त्रास देतो. शेकोटीत टाकून जाळलेल्या भांड्यावर फिकट तांबूस, खवलेदार छटा येते; त्यावर तेलाचा थर नीट धरत नाही. हा रंग आणि साधा गंज यांतला फरक घासल्यावर कळतो, म्हणून शंका असेल तर सोडून द्यावे.

एक गोष्ट खरे तर वरच लिहायला हवी होती. अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या आणि मासेमारीच्या गळाची वजने ओतण्यासाठी लोक घरी शिसे वितळवत, आणि त्यासाठी जुनी बिडाची भांडी वापरत. म्हणून साफसफाईला हात लावण्यापूर्वी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी शिशाची चाचणी करावी. ती प्राथमिक स्वरूपाचीच असते, पण होकारार्थी आली तर भांड्यात कुंडी ठेवावी, अन्न नव्हे. अॅल्युमिनियमचे काहीही कॉस्टिक सोड्यात बुडवू नये. ते विरघळते आणि हायड्रोजन वायू सुटतो. आमसुलाचे सार किंवा चिंचेची आमटी बिडात करू नये, आंबटाने थर उतरतो.

आता आपल्या टेबल-खुर्च्यांविषयी. गादी लावलेले काहीही घेऊ नये, कारण ढेकूण एकदा घरात शिरले की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. भरीव लाकडाचे टेबल घ्यावे, मात्र खण बाहेर काढून सांधे पाहावेत: कोपऱ्यात लाकडाचे दाते एकमेकांत गुंतलेले असतील तर काम बरे आहे, नुसत्या स्टेपलच्या पिना असतील तर पुढे जावे. रंगवलेले जुने टेबल घासायला घेऊ नये, कारण शिसेयुक्त रंगावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली आणि त्यापूर्वीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात धोक्याची असते. लहान बाळ असेल तर एक बाजू खाली सरकणारा जुना पाळणाही घेऊ नये. अशा पाळण्यांची विक्री, वापरलेल्यांचीसुद्धा, २०११ पासून बेकायदा आहे, तरी तो कोणाच्या तरी गराजमध्ये अजून दिसतो.