बालवाडीतल्या मुलांना नाताळात पत्र लिहायला आणि पोस्टात टाकायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलं साडेतीन ते पाच वर्षांची आहेत, लिहिता येत नाही, आणि कोल्हापुरातल्या तुमच्या शाळेत पुठ्ठ्याची लाल पेटी करून सांताला पत्रं टाकायचा बेत आहे. पेटी करू नका. बाकीचं सगळं नंतर.

मी कोल्हापुरातच बालवाडी घेत होते. त्या शाळेत डिसेंबर आला की अशीच पेटी व्हायची, वर कापसाचा बर्फ. मुलांना 'डिअर सांता' छापलेला कागद द्यायचे, खाली ठिपके, त्या ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवायची. फोटो निघाले की विषय संपला. एका वर्षी सुट्टीनंतर शाळा भरली आणि एका मुलीला रद्दीच्या गठ्ठ्यात तिचाच कागद दिसला. सांताला तिनं हिरवा झगा रंगवला होता, त्यामुळं लगेच ओळखला. "बाई, माझं पत्र गेलंच न्हाई व्हय?" मुख्याध्यापिका शेजारीच होत्या. म्हणाल्या, "अगं, ते खोटं खोटं होतं."

मला ते वाक्य अजून सहन होत नाही. भातुकलीतला भात खोटा असतो हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, कारण तो डाव त्यांनीच मांडलेला असतो. इथं खोटं मोठ्यांनी केलं आणि पोरांना खरं म्हणून सांगितलं. ती पोरगी सुट्टीभर वाट बघत बसली होती.

पुढच्या डिसेंबरात मी पोस्टातून कार्डं आणली. पन्नास पैशांचं साधं पोस्टकार्ड, त्याच्याइतकं बालवाडीला सोयीचं दुसरं काही नाही. एक अख्खी बाजू कोरी असते, ती मुलाची. तिथं त्यानं काय वाटेल ते करायचं: गोल गोल रेघा, म्हैस, आई, नुसता निळा रंग. दुसऱ्या बाजूला डाव्या अर्ध्यात मूल बोलेल ते आपण लिहून घ्यायचं, उजवीकडं पत्ता. बोलेल ते म्हणजे अगदी तेच. "आज्जी, म्हस व्याली का? मी येणार हाय, बाबा न्हाई म्हणत्यात." हे असंच लिहायचं, "आम्ही सर्व मजेत आहोत" असं करायचं नाही. लिहून झाल्यावर बोट ठेवून वाचून दाखवायचं. आपण बोललो ते कागदावर राहतं आणि दुसऱ्या माणसाला ते तसंच वाचता येतं, हे मुलाला त्या क्षणी कळतं. लेखन शिकवणं म्हणतात ते या वयात एवढंच आहे.

मुख्याध्यापिकांचं म्हणणं होतं की हे गिरगटे गावाला गेले तर शाळेची अब्रू जाईल. बाईंनी सुवाच्य लिहावं, मुलांनी गिरवावं. मी ऐकलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. शंख, शिंपले, पानं, बिया हीच त्यांची साधनं. त्या महाराष्ट्रात आपण अजून चार वर्षांच्या मुलाचा हात धरून ठिपके जोडून घेतो, याची चीड येते. बोटं तयार व्हायची असतील तर कणीक मळू द्या, कागद फाडू द्या. अक्षराची घाई असलीच तर त्याच्या नावातलं पहिलं अक्षर, तेही त्यानं मागितलं तर.

कार्डं आम्ही चालत जाऊन खऱ्या पेटीत टाकली, एकेका मुलाला उचलून. आणि गगनबावड्याकडच्या एका आज्जीचं उत्तर आलं. आज्जीला लिहिता येत नव्हतं, शेजारच्या पोराकडून लिहून घेतलं होतं, म्हणजे तिनंही तेच केलं जे तिच्या नातवानं केलं होतं. म्हस व्याली, रेडी झाली, तू ये. पोस्टमननं वर्गाच्या दारात उभं राहून त्या पोराचं पूर्ण नाव पुकारलं. पत्ता कशासाठी असतो ते त्या दिवशी अख्ख्या वर्गाला समजलं. मुख्याध्यापिकांनी ते पत्र वाचलं आणि "अपवाद आहे" म्हणाल्या. अपवाद नव्हता, नंतर आणखी उत्तरं आली.

पिनकोड मुलांना आवडतो. सहा चौकोन, सहा आकडे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि ज्यांनी तो आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. आपल्याकडचे पत्ते ४१६ नं सुरू होतात, सांगली शहराचे आणि सिंधुदुर्गातलेही. तिकीट चिकटवायची हौस असेल तर मात्र कार्ड चालणार नाही, त्यावर ते छापलेलंच असतं. मग पाकीट घ्या, पाच रुपयांचं तिकीट.

सांताचं विचारलंत म्हणून सांगते. फिनलंडमध्ये रोव्हानिएमीला त्याचं खरंखुरं पोस्ट ऑफिस आहे, पोस्टाचा कोड ९६९३०. तिकडं पाठवायचं तर परदेशी टपालाचं तिकीट लावून पाठवा. माझं मत विचाराल तर पहिलं पत्र ओळखीच्या माणसाला जावं. सांताच्या पत्रात मुलं फक्त मागतात, आज्जीला लिहिताना विचारपूस करतात.

काही गोष्टी राहिल्या. पोस्टात मुलांना न्यायचं असेल तर आधी पोस्टमास्तरांना भेटून वेळ ठरवा, तारखेचा शिक्का मारताना बघायला मिळाला पाहिजे. पेटी किती वाजता उघडतात ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. नाताळपर्यंत पोचायला हवं तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच टाका. वर्गात ख्रिस्ती घरातलं मूल असेल तर त्याच्या आईला बोलवा. आपल्या कोल्हापुरातल्या वायल्डर चर्चला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा घरचा सण आहे, कापसाच्या बर्फाचा कार्यक्रम नाही. सगळ्यांना आज्जी असतेच असं धरून चालू नका, कुणाला लिहायचं ते मुलालाच ठरवू द्या. पालकांना विचारून पत्ते घ्या. पाठवणाऱ्याचा पत्ता शाळेचा घाला, म्हणजे उत्तर वर्गात येईल. आणि ज्याला उत्तर आलं नाही त्याला तुम्ही पत्र लिहा, पोस्टात टाकून, खाली स्वतःचं नाव घालून. सांताचं नाही.