समन्स तुमच्या हातात आलं नाही, पण एजंटच्या हातात गेलं ना?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि आधी घाईचं ते सांगते, बाकीचं समजावणं नंतर. तुमच्याविरुद्ध झालेल्या एकतर्फी निकालावर अर्ज करायला तुमच्याकडे अजून साधारण २१ दिवस आहेत, त्यातला एकही वाया घालवू नका. टेक्सासमध्ये वकिली करणारा वकील उद्याच शोधा. माझं लायसन्स न्यू जर्सीचं आहे, त्यामुळे त्या कोर्टात मी तुमच्यासाठी उभी राहू शकत नाही, पण त्या वकिलाकडे काय घेऊन जायचं ते सांगू शकते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात प्रकरण असं. पत्र लिहिणाऱ्यांची एडिसनला दोन ट्रकची एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी, न्यू जर्सीतून कॅलिफोर्नियाला माल जातो. १४ महिन्यांपूर्वी टेक्सासमधल्या अमरिलोजवळ आय-४० हायवेवर यांच्या ट्रकची आणि एका कारची टक्कर झाली. कारवाल्याने टेक्सासच्या स्टेट कोर्टात दावा लावला, समन्स प्रोसेस एजंटकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद घ्यायला नेमलेल्या माणसाकडे गेलं, एजंटने ते जुन्या पत्त्यावर पाठवलं, यांनी तर घर बदललेलं. यांच्याकडून कुणीच हजर नाही म्हणून १,८६,००० डॉलरचा एकतर्फी निकाल. निकालावर सही होऊन आज ४७ दिवस झाले आणि समोरच्या वकिलाचं पैसे मागणारं पत्र येऊन ९. त्या पत्राआधी यांना काहीच माहीत नव्हतं. सांगलीचे काका कोर्टात बेलिफ होते, ते म्हणाले की समन्स हातात मिळालंच नाही तर निकाल टिकत नाही, घाबरू नको.

काकांचा अनुभव मी मानते, पण इथे त्यांच्या शब्दावर थांबू नका. खरं तर सांगलीतसुद्धा हे पूर्ण बरोबर नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ५ रूल १२ आहे, त्यात समन्स शक्यतो माणसाला स्वतःला द्यायचं म्हटलंय, पण समन्स घ्यायचा अधिकार दिलेला एजंट असेल तर त्याला दिलं तरी पुरे. अमेरिकेतला प्रोसेस एजंट म्हणजे नेमका हाच माणूस. राज्याराज्यांतून भाडं घेऊन माल नेणाऱ्या ट्रक कंपनीला फेडरल कायद्याने असा एजंट नेमावाच लागतो, त्याचा फॉर्म बीओसी-३, तो फाइल झाल्याशिवाय एफएमसीएसए, म्हणजे ट्रक कंपन्यांवर देखरेख करणारं फेडरल खातं, तुमची ऑथॉरिटी, म्हणजे माल नेण्याची परवानगी, चालूच करत नाही. म्हणजे तुम्ही सरकारला लिहून दिलंय की या माणसाला कागद दिला की मला दिला असं समजा. ज्या दिवशी एजंटने कागद घेतला त्याच दिवसापासून तुमची मुदत चालू झाली, पुढे पाकीट कुठे फिरत होतं याच्याशी कोर्टाला देणंघेणं नाही. टेक्सासच्या स्टेट कोर्टात ही मुदत म्हणजे समन्स लागल्यावर २० दिवस गेले की पुढच्या सोमवारी सकाळी १० वाजेपर्यंत उत्तर, न्यू जर्सीत ३५ दिवस, फेडरल कोर्टात साधारण २१.

तुम्ही विचारलंय की टेक्सासमध्ये माझं ऑफिस नाही, तिथे मी माल चढवत नाही उतरवत नाही, मग तिथला एजंट आला कुठून. नियम असा आहे की ज्या राज्यात धंदा करायची परवानगी आहे तिथे एजंट हवाच आणि ज्या राज्यातून नुसता ट्रक जातो तिथेही हवा, आय-४० टेक्सासच्या वरच्या टोकातून जातो म्हणजे टेक्सास आलंच. आणि समजा एजंट नसता तरी सुटका नव्हती, बाहेरच्या राज्यातल्या गाडीने टेक्सासच्या रस्त्यावर अपघात केला तर तिथल्या ट्रान्सपोर्टेशन कमिशनच्या चेअरमनवर समन्स बजावता येतं, तसा त्यांचा कायदाच आहे.

आता २१ दिवसांचा हिशोब. टेक्सासमध्ये निकालावर सही झाल्यापासून ३० दिवसांत नवीन सुनावणीचा अर्ज टाकायचा असतो, ते दिवस तुमचे गेले. पण नियम ३०६ए असं म्हणतो की निकालाची खबर तुम्हाला किंवा तुमच्या वकिलाला सहीनंतर २० दिवसांत लागलीच नसेल, तर ३० दिवस खबर लागली त्या दिवसापासून मोजायचे, फक्त मुदत सहीपासून ९० दिवसांपुढे सुरू होऊ शकत नाही. तुम्हाला खबर लागली ३८ व्या दिवशी, म्हणजे २० च्या पुढे आणि ९० च्या आत, म्हणून तुम्ही अजून दारात आहात. पण हे आपोआप मिळत नाही, शपथेवर अर्ज करून आणि सुनावणीत ती तारीख सिद्ध करून घ्यावी लागते. म्हणून ते पाकीट फेकू नका! वरचा पोस्टाचा शिक्का, आतलं पत्र, सगळं जसंच्या तसं ठेवा. घरची टपाल वहिनी उघडतात असं तुम्ही लिहिलंय, मग एक अॅफिडेव्हिट तुमचं आणि एक वहिनींचं लागेल, कुठल्या दिवशी काय आलं, त्याआधी कोर्टाकडून काही आलं होतं का, साध्या शब्दांत, आठवतंय तेवढंच.

अर्जात तीन गोष्टी दाखवायच्या, टेक्सास सुप्रीम कोर्टाने १९३९ मध्ये क्रॅडॉकच्या खटल्यात घातलेली कसोटी आजही तीच आहे. हजर न राहणं मुद्दाम किंवा बेफिकिरीने नव्हतं, चुकीने झालं. तुमच्याकडे लढायला खरा बचाव आहे. आणि पुन्हा सुनावणी घेतली तर समोरच्याचं नुकसान होणार नाही, इथे सहसा आपण लगेच सुनावणीला तयार आहोत आणि एकतर्फी निकालासाठी त्याचा झालेला खर्च देतो असं लिहून देतात.

पहिल्या मुद्द्यावर समोरचा वकील तुम्हाला धरणार. पत्ता बदलला तर एजंटला का नाही कळवलं? आणि इथे तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. घर बदलल्यावर तुम्ही एमसीएस-१५० मध्ये, म्हणजे एफएमसीएसएकडच्या कंपनीच्या माहितीच्या फॉर्ममध्ये, नवा पत्ता टाकला होता आणि तुम्हाला वाटलं झालं काम. ही चूक मी इतक्या ट्रकवाल्यांकडे पाहिलीय, सगळ्यांना वाटतं एफएमसीएसएला कळवलं म्हणजे एजंटला आपोआप कळेल, तसं होत नाही, एजंट ही वेगळी खासगी कंपनी, तिच्याकडे तुम्ही तीन वर्षांपूर्वी दिलेला पत्ताच पडून असतो. पण ज्याला कोर्टापासून लपायचंय तो सरकारी नोंदीत नवा पत्ता टाकत नाही. त्या अपडेटचा तारखेसकट प्रिंट काढा, अर्जाला जोडायला सांगा. एजंटकडूनही लेखी मागा की समन्स कधी मिळालं, कुठे पाठवलं, परत आलं का, कारण एजंटवर विसंबून राहिलात तर तोही बेफिकीर नव्हता हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

दुसरा मुद्दा बचावाचा. कारवाल्याने लेन बदलली असं तुमच्या ड्रायव्हरचं म्हणणं आहे ना, टेक्सासमध्ये ज्याचा दोष ५० टक्क्यांहून जास्त ठरतो त्याला भरपाई मिळतच नाही, म्हणून हे नीट मांडा. पोलिस रिपोर्ट, डॅशकॅम, ड्रायव्हरचं अॅफिडेव्हिट. ईएलडीचे, म्हणजे ड्रायव्हरच्या कामाचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचे, लॉग आज रात्रीच बघा, कायद्याने ते ६ महिनेच ठेवावे लागतात, तुमचा अपघात १४ महिन्यांचा, सर्व्हरवर असतील तर आता उतरवून घ्या.

वकिलाला कोर्टाची पूर्ण फाइलही काढायला सांगा. एकतर्फी निकाल असेल तर समन्स बजावण्यातला प्रत्येक नियम तंतोतंत पाळलेला लागतो, टेक्सासची कोर्टं यात फार कडक आहेत. बजावल्याचा रिटर्न, म्हणजे समन्स कसं बजावलं याचा अहवाल, निकालाआधी १० दिवस फाइलवर होता का, एजंटचं नाव बरोबर लिहिलंय का, शेवटचा माहीत असलेला पत्ता म्हणून वादीने कुठला पत्ता दिला. नोंदीत अशी चूक सापडली तर सहीपासून ६ महिन्यांच्या आत रिस्ट्रिक्टेड अपीलचा वेगळा रस्ता आहे. त्याच्याही पुढे बिल ऑफ रिव्ह्यू, म्हणजे निकाल रद्द करून घ्यायचा वेगळा दावा असतो, पण तिथे स्वतःचा निष्काळजीपणा अजिबात चालत नाही आणि पत्ता न कळवणं तुमच्या अंगावर येईल, म्हणून त्या भरवशावर बसू नका.

विमा कंपनीला तुम्ही कळवलेलंच नाही हे वाचून मात्र पोटात गोळा आला. आजच ईमेल करा, निकाल, दावा, पत्र सगळं जोडून. प्रीमियम वाढेल म्हणून गप्प बसलात असं लिहिलंय, मी समजू शकते, पण पॉलिसीत दावा लगेच कळवायची अट असते. तुमच्या पॉलिसीला एमसीएस-९० हे हमीचं जोडपत्र जोडलेलं असणार, ७,५०,००० डॉलरपर्यंत. ते रस्त्यावरच्या लोकांच्या संरक्षणासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. अट मोडली म्हणून कंपनीने कव्हर नाकारलं तरी त्याखाली तिला जखमी माणसाला पैसे द्यावे लागू शकतात आणि मग तीच कंपनी ते तुमच्याकडून वसूल करू शकते. वेळेत कळवलंत तर वकीलही कदाचित तीच देईल.

शेवटचा प्रश्न, डॅलसच्या मेहुण्याला एजंट केलं तर फी वाचेल का. त्या राज्यात राहणारा, खरा रस्त्याचा पत्ता असलेला माणूस चालतो, पोस्ट बॉक्स चालत नाही. पण बीओसी-३ एकच असतो, त्यात सगळी राज्यं यावी लागतात, आणि ट्रक असलेल्या कंपनीला तो स्वतः फाइल करता येत नाही, एजंटनेच करायचा. न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया वाटेत किती राज्यं लागतात ते मोजा, तेवढे मेहुणे कुठून आणणार? सगळ्या राज्यांत माणसं असलेली ब्लँकेट कंपनीच घ्या. आहे तीच ठेवलीत तरी आज नवा पत्ता, फोन आणि दोघांचे ईमेल तिला लेखी कळवा, पोच मागा, आणि फॉर्मची कॉपी ऑफिसच्या फाइलला लावा, ती मुख्य ऑफिसात ठेवायचीच असते. पुढे ब्रोकरेज, म्हणजे दुसऱ्यांच्या ट्रकना माल मिळवून द्यायचा धंदा, काढायचं म्हणताय, ट्रक नसलेल्या ब्रोकरला फॉर्म स्वतः भरता येतो आणि जिथे ऑफिस आहे किंवा करार लिहिले जाणार त्याच राज्यांचे एजंट लागतात, पण ७५,००० डॉलरचा बाँड किंवा ट्रस्ट लागतो, त्यामुळे तो विषय हे निस्तरल्यावर काढू.

टेक्सासचा वकील ठरला की मला कळवा, कागद त्याच्याकडे जाण्याआधी अॅफिडेव्हिट एकदा मी वाचून देते.