जिनिव्हाला अहवाल पाठवण्यापूर्वी

सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील फेटाळलेल्या वनहक्क दाव्यांची माहिती आपल्या गटाने जमवली आहे, पण परदेशी निधीचा परवाना नाही आणि संयुक्त राष्ट्रांकडे नोंदही नाही. तरी जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांना लिहिता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल. सल्लागार दर्जा (संयुक्त राष्ट्रांकडून संस्थेला मिळणारी औपचारिक मान्यता) मानवाधिकार परिषदेत, म्हणजे सदस्य देशांच्या मंचावर, बोलण्यासाठी लागतो. करार-समित्यांना (देश मानवाधिकार करार पाळतात का, हे तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या समित्यांना) समांतर अहवाल, म्हणजे सरकारच्या अहवालाला जोड देणारा संस्थेचा स्वतःचा अहवाल, कोणतीही स्थानिक संस्था पाठवू शकते.

मात्र या समित्यांना न्यायालय समजू नये. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला, तरी वैयक्तिक तक्रारींची वाट खुली करणारा ऐच्छिक प्रोटोकॉल त्याने स्वीकारलेला नाही, त्यामुळे एखाद्याच्या पट्ट्याचे अपील तेथे चालणार नाही. त्यासाठी ६० दिवसांच्या मुदतीत इथलीच वनहक्कांची वरची समिती (उपविभागीय, मग जिल्हास्तरीय) आणि शेवटी उच्च न्यायालय हाच मार्ग आहे. समितीकडून होऊ शकते ते इतकेच, की सरकारच्या अहवालाची तपासणी करताना आपल्या माहितीवरून नेमका प्रश्न विचारला जाईल आणि कदाचित शिफारशीत उतरेल. म्हणून वेळापत्रक आधी पाहावे. नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख करणाऱ्या मानवाधिकार समितीने १९९७ नंतर भारताचा आढावा थेट जुलै २०२४ मध्ये घेतला. अशी संधी हुकली तर पुढची कधी येईल, याचा भरवसा नसतो. मानवाधिकार परिषदेत सगळ्या देशांचा पाळीपाळीने होणारा सार्वत्रिक नियतकालिक आढावा त्या मानाने नियमित आहे (२००८, २०१२, २०१७, २०२२). त्यात एका संस्थेला २,८१५ शब्द आणि संयुक्त निवेदनाला ५,६३० शब्द मिळतात. माझ्या मते आपण एखाद्या राज्यव्यापी आघाडीबरोबर संयुक्त निवेदनच द्यावे.

घरे पाडण्याची नोटीस आली असेल तर आढाव्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. विशेष प्रतिवेदकांना (परिषदेने एकेका विषयासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना) केव्हाही लिहिता येते, देशातील सगळे उपाय संपलेले असण्याची अटही नाही. परंतु त्यांचे पत्र सरकारकडे जाते आणि साधारण ६० दिवसांनी प्रसिद्ध होते, तेव्हा ज्यांची नावे घालायची त्यांना हे मराठीत, गरज असेल तेथे कोकणा बोलीत समजावून लेखी संमती घ्यावी.

मजकूर इंग्रजीत असावा. दाव्याची पोच, ग्रामसभेचा ठराव आणि फेटाळल्याचे लेखी कारण (किंवा कारण दिलेच नाही याची नोंद) जोडलेली दहा प्रकरणे शेकडो नावांच्या यादीपेक्षा वजनदार ठरतात; ‘अमानुष’सारखी विशेषणे समितीच्या काही उपयोगाची नसतात. पुढे शिफारस आलीच, तर ती याचिकेत जोडण्यासारखी असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला होता, हे आपल्या वकिलांना अवश्य सांगावे.