पुरीला आई-बाबा आणि मुलांना घेऊन जायचंय, तर देवळाजवळ राहावं की समुद्राजवळ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात चार दिवस पुरी, बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि दोन शाळकरी मुलं. आई-बाबांना जगन्नाथाचं दर्शन हवंय, मुलांना समुद्र. आणि बुकिंगच्या साइटवर बघावं ते हॉटेल 'मंदिर आणि बीच, दोन्हींपासून पाच मिनिटांवर'.

त्या पाच मिनिटांचं आधी बघू. देऊळ आणि समुद्र यांत जवळच्या वाटेनंही सव्वा-दीड किलोमीटर अंतर आहे. दोन्हींपासून पायी पाच मिनिटं असं हॉटेल बांधायला पुरीत जागाच नाही. यादीतली अशी नावं मी सरळ बाजूला ठेवतो. निदान त्यांचं बाकीचं वर्णन तरी खरं धरत नाही.

मी मूळचा नागपूरचा, नोकरीपायी चार वर्षं भुवनेश्वरला होतो. तिथून पुरी साठेक किलोमीटर. विदर्भातला एकही नातेवाईक असा नसेल जो आमच्याकडे उतरून पुढे पुरीला गेला नाही, आणि खोली बघून द्यायचं काम कायम माझ्याकडे. त्यात झालेल्या चुकांतून हे उत्तर लिहितोय.

देवळासमोरचा रुंद रस्ता म्हणजे बडदांड. रथयात्रेचे रथ ओढतात तो हाच, तीनेक किलोमीटर लांब, गुंडिचा मंदिरापर्यंत. धर्मशाळा, साधे लॉज आणि मंदिर प्रशासनाची भक्तनिवासं याच रस्त्याच्या आसपास आहेत. नीलाद्री, नीलाचल अशा नावांनी शोधा. एक लक्षात ठेवा, की 2019 साली देवळाच्या तटाभोवतीचा पंचाहत्तर मीटरचा पट्टा मोकळा करायला घेतला आणि तिथले लॉज, काही मठसुद्धा पाडले. जानेवारी 2024 मध्ये तिथे परिक्रमेचा प्रशस्त मार्ग खुला झाला. त्यामुळे कुणा काकांनी पंधरा वर्षांपूर्वीच्या आठवणीतून 'अगदी तटाला लागून' असं लॉज सुचवलं, तर ते आता असेलच असं नाही. शिवाय देवळाजवळच्या टप्प्यात गाड्या अडवतात. हॉटेलच्या दारापर्यंत टॅक्सी येते का, हे फोन करून विचारा. नाहीतर बॅगा घेऊन चालत जावं लागतं.

या भागाचा खरा फायदा एकच, पण तो मोठा आहे. दर्शन एकदाच घेऊन भागत नाही. पहाटेची मंगल आरती असते. संध्याकाळी एक सेवक कसल्याही आधाराशिवाय दोनशे फुटांवर शिखर चढून ध्वज बदलतो. ते बडदांडवर उभं राहून बघायचं असतं. दुपारी देवळाच्या आवारातल्या आनंदबाजारात मातीच्या भांड्यांतला महाप्रसाद मिळतो. देवळात मोबाइल, चामड्याचं पाकीट, पट्टा काही नेता येत नाही, सगळं बाहेर ठेवून रांगेत लागायचं. खोली जवळ असली की हे सामान खोलीतच ठेवून बाहेर पडता येतं, आणि म्हाताऱ्या माणसांना मध्ये येऊन पाठ टेकता येते. सिंहद्वारातून आत गेलं की बावीस पायऱ्या आहेत, 'बाइसी पहाच' म्हणतात. गुडघे दुखणाऱ्यांना त्या दिवसातून दोनदा चढायला लावू नका.

सिंहद्वाराशी काळ्या दगडाचा सोळा पैलूंचा उंच अरुणस्तंभ आहे. तो मूळचा कोणार्कचा. अठराव्या शतकात, ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल असताना, इथे आणून उभा केला. माझे सासरे दर वेळी त्याच्यापाशी थांबून हे पंड्याला ऐकवायचे आणि पंडा मान डोलावून दक्षिणा मागायचा.

पण मुलांचं काय? बडदांडवर मुलांना करण्यासारखं काहीच नाही. गर्दी, गायी, रिक्षा, खाज्याची दुकानं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून 'समुद्रावर कधी जायचं' सुरू होतं.

आता समुद्राकडे. किनारा लांबच लांब आहे आणि प्रत्येक तुकड्याचा स्वभाव वेगळा. सगळ्यात गजबजलेला तुकडा स्वर्गद्वार. बंगाली माणसाला पुरी म्हणजे आपल्याकडच्या माणसाला महाबळेश्वर. ते दिघा-पुरी-दार्जिलिंगला मिळून 'दीपूदा' म्हणतात. तर हे स्वर्गद्वार त्यांचं. भाजलेल्या-तळलेल्या माशांच्या गाड्या, शंख-शिंपल्यांचा आणि कटकी साड्यांचा बाजार, पातेलं घेऊन वाळूत फिरणारे 'मदनमोहन' मिठाईवाले, रात्री उशिरापर्यंत दिवे. तरुण जोडप्यांना किंवा मित्रांच्या टोळक्याला मी डोळे मिटून हेच सांगतो. देऊळही किनाऱ्याच्या या भागापासून सगळ्यात जवळ.

मात्र स्वर्गद्वार हे नाव स्मशानाचं आहे, हे बाहेरगावच्या माणसाला कुणी सांगत नाही. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, बाजाराला खेटून ते आहे आणि तिथे चिता रात्रंदिवस जळत असतात. मी एकदा सासूबाईंसाठी 'सी व्ह्यू' म्हणून जास्तीचे पैसे देऊन खोली घेतली. खिडकी उघडली तर समुद्र होता, पण त्याच्या अलीकडे धूर. मला घाम फुटला. सासूबाई शांतपणे खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "काशीला मुद्दाम मणिकर्णिका बघायला जातो ना आपण? इथं खोलीतून दिसतंय." त्यांनी जपाची माळ काढली. माझी मुलगी मात्र त्या रात्री एकटी झोपायला तयार झाली नाही. तुमच्या आई-बाबांना चालेलही, मुलांचं तुम्ही ठरवा. स्वर्गद्वारचंच हॉटेल घ्यायचं झालं, तर स्मशानापासून किती लांब आणि वारा कुठून येतो एवढं विचारून घ्या.

तिथून किनाऱ्यानं पूर्वेकडे निघालात की दिगबारेणी चौक लागतो. त्याच्या पुढचा पट्टा म्हणजे गोल्डन बीच. 2020 साली देशातल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, त्यात हा होता. स्वच्छतागृह, कपडे बदलायची सोय, आंघोळीला गोडं पाणी, वाळूवर चालायला बांधलेली वाट, हे सगळं इथे आहे. मुलांना ओल्या चड्डीत वाळू घेऊन हॉटेलपर्यंत आणायची वेळ येत नाही, हे आयांना वेगळं सांगायला नको. तुमच्यासाठी मी हाच भाग निवडेन: दिगबारेणी चौक आणि चक्रतीर्थ रस्त्याची सुरुवात. रेल्वे स्टेशन जवळ पडतं, रात्री शांतता असते, आणि देऊळ ई-रिक्षानं थोडक्यात गाठता येतं.

बाबांना मंगल आरतीला जायचं असेल, तर हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच रिक्षा सांगून ठेवायला लावा. 'दोन रात्री देवळाजवळ, दोन रात्री समुद्राजवळ' असा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो एकदा ऐकला होता. सहा माणसांच्या बॅगा, औषधांचे डबे, वाळत घातलेले कपडे गोळा करण्यात आणि नव्या खोलीत गरम पाणी येतं का ते बघण्यात अख्खी सकाळ गेली. म्हाताऱ्यांबरोबर चारही दिवस एकच मुक्काम बरा.

चक्रतीर्थ रस्ता तसाच पुढे पूर्वेला जातो. तिथे रेल्वेचं जुनं बीएनआर हॉटेल आहे. उंच छतं आणि व्हरांडे आवडत असतील तर एकदा चहाला जा. त्यापलीकडे स्वस्त गेस्टहाउस, कॅफे आणि पाठीवर बोजा घेऊन फिरणारे परदेशी. शेवटी पेंटाकटा ही कोळ्यांची मोठी वस्ती. बहुतेक घरांतून तेलुगू ऐकू येतं. पहाटे होड्या लागतात तेव्हा मुलांना दाखवायला न्या, पण राहू नका. वाळूवर पाऊल कुठे टाकायचं ते बघत चालावं लागतं आणि वास जबर असतो.

शहराबाहेरची, दोन्ही बाजूंची 'बीच रिसॉर्ट' फोटोत सुंदर दिसतात. पोहण्याचा तलाव, हिरवळ, सुरूची झाडं. पण प्रत्येक दर्शनाला गाडी काढावी लागते आणि आई एकटी उठून देवळात जाऊन आली असं होत नाही. देऊळ बघून झालेल्यांनी तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिथे राहावं.

समुद्राबद्दल एक गोष्ट कुठेही राहिलात तरी लागू. गोव्याचा समुद्र डोक्यात ठेवून पाण्यात उतरू नका. इथे किनारा एकदम खोल होतो आणि लाट पायाखालची वाळू ओढून नेते. डोक्यावर पांढरी निमुळती टोपी घातलेले नुलिया, म्हणजे इथले जीवरक्षक कोळी, दिसतील. पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात वाढलेली माणसं. पैसे ठरवून एकाला बरोबर घ्या आणि मुलांचा हात त्याच्या हातात द्या. आमच्या मुलीला पोहता येतं म्हणून मी आधी नाही म्हटलं होतं, पहिल्याच लाटेनंतर बोलावलं.

खाण्यापिण्याचं: किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं मासे आणि मोहरीचं तेल यांवर चालतात. आई-बाबा शाकाहारी असतील तर खोली घेताना स्वयंपाक वेगळा आहे का ते विचारा. दालमा बहुतेकांना आवडतो. डाळीत भाज्या, आपल्या तोंडाला परका वाटत नाही.

तारखांचंही सांगतो. डिसेंबरच्या पहिल्या पाच दिवसांत कोणार्कला नृत्यमहोत्सव असतो, कोणार्क तिथून पस्तीस किलोमीटर. जमलं तर तेव्हाच जा. नाताळ ते एक जानेवारी मात्र टाळा. अख्खं कोलकाता तिथे असतं आणि दर वाटेल तेवढे चढतात. आणि हो, बुकिंग करताना चेक-आउटची वेळ वाचा. कोलकात्याच्या रात्रीच्या गाड्या पहाटे येतात, म्हणून पुरीतल्या बऱ्याच जुन्या हॉटेलांत खोली सकाळी आठ-नऊलाच सोडावी लागते. आमचे एक मावसकाका दुपारी बाराच्या हिशेबानं निवांत दाढी करत बसले होते, आणि बाहेर पुढचं बिऱ्हाड ट्रंकांवर बसून वाट बघत होतं.