बॉक्स घेण्याआधी फायली तपासा

घरच्या सर्व्हरवर, म्हणजे चित्रपट साठवलेल्या कॉम्प्युटरवर, असलेल्या फायली टीव्हीवर पाहायला बॉक्स घ्यायचा असेल, तर त्या कोणत्या कोडेकमध्ये (व्हिडिओ आटोपशीर करून साठवण्याच्या पद्धतीत) आहेत ते आधी पाहा, मगच बॉक्स निवडा. टीव्हीजवळच्या उपकरणाला फाईल आहे तशी चालवता आली, तर सर्व्हरला ती फक्त पाठवायची असते. नाहीतर ट्रान्सकोडिंग, म्हणजे फाईल चालू असतानाच दुसऱ्या कोडेकमध्ये बदलणं, सुरू होतं, आणि रास्पबेरी पाय ५ या छोट्या कॉम्प्युटरसारख्या सर्व्हरचा तिथे दम निघतो, कारण त्यात हे काम करणारा हार्डवेअर एन्कोडरच नाही. म्हणून उपकरणाला १०-बिट एचईव्हीसी, म्हणजे ४के चित्रपटांचा नेहमीचा कोडेक, चालवता यायलाच हवा.

सबटायटलकडे मात्र नवखे लोक बघतच नाहीत. ब्लू-रेवरून काढलेली सबटायटलं चित्ररूपात असतात. उपकरणाला ती झेपली नाहीत, तर सर्व्हर अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करायला बसतो. शक्यतो एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची सबटायटलं, ठेवा.

४के ब्लू-रेचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) १०० एमबीपीएसच्या वर जाऊ शकतो, आणि बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट तेवढ्यावरच अडतं. एनव्हिडिया शील्ड टीव्ही प्रो या बॉक्सला त्याहून खूप वेगवान गिगाबिट लॅन आहे, शिवाय ट्रूएचडी आवाज (ब्लू-रेवरचा उच्च दर्जाचा आवाज) तो जसाच्या तसा एव्ही रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला, देतो. पण घरात रिसीव्हर नसेल, तर तेवढे पैसे घालू नका. जेलीफिन या मोफत मीडिया सर्व्हरचं ॲप चालणारी अँड्रॉइड टीव्हीची ४के स्टिक घ्या आणि उरलेल्या पैशांत हार्ड डिस्क वाढवा.