वाळवंटात गिधाडं, मग कोकणात का नाहीत?

प्रश्न: डिसेंबरात बिकानेरजवळ जोडबीडला गेलो होतो, मेलेल्या उंटागुरांवर गिधाडांचे थवेच्या थवे. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, लहानपणी दिसायची, आता एकही नाही. तिथे टिकली ती इथे का नाही? – एक वाचक, राजापूर

उत्तर: ताई, तुम्ही बघितलेली बरीचशी हिवाळी पाहुणी असणार, ग्रिफन गिधाड, काळं गिधाड, सोबत स्टेप गरुड, मध्य आशियाकडून येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. त्यामुळे तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. सोलर प्रकल्पांच्या तारांवर आपटून, शॉक लागून मोठे पक्षी मरतायत, आणि ओसाड जमीन म्हणून लावलेल्या विलायती बाभळीने गवताळ माळ खाल्लेत, त्या गवतातले उंदीर, सरडे, सांडे (काटेरी शेपटीचे मोठे सरडे) गेले की शिकारी पक्षी खाणार काय?

आपल्याकडची गेली ती मुख्यतः डायक्लोफेनॅक या गुरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधामुळे. हे इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या फेल होतात. गुरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली, तशाच घातक अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर थेट 2023 मध्ये, फार उशीर झाला हो! तरी रायगडात श्रीवर्धनकडे पांढऱ्या पाठीची गिधाडं नारळावर घरटी करतात, म्हणजे आशा आहे.

गोठ्यात डॉक्टर आले की वेदनेसाठी मेलॉक्सिकॅमच द्या म्हणून सांगा, ते गिधाडांना चालतं. आणि सड्यावर कोणी झाडं लावायचा कार्यक्रम काढला तर आधी विचारा, तिथलं गवत कुठे जाणार?