अकरा महिन्यांच्या कागदाला किंमत किती?

वकीलसाहेब, कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट भाड्यानं घेतलाय. पाचशेच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार, फक्त नोटरी केलेला. पाचव्याच महिन्यात मालक दोन हजार वाढवून मागतायत. 'तोंडी ठरलं होतं' म्हणतात. द्यायचे का?

देऊ नका. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' असं एजंट सर्रास सांगतात. ती सूट केंद्राच्या नोंदणी कायद्यातली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ मुदत बघतच नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरी गंमत पुढेच आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल तुम्ही म्हणाल ते खरं धरतात, मालक उलट सिद्ध करेपर्यंत.

तरी लगेच कायदा काढून बसू नका. 'चला, नोंदवून टाकू' म्हणा. शहरात नोंदणी फी हजार रुपये, मुद्रांक शुल्क साधारण एकूण भाड्याच्या पाव टक्का. आधार आणि अंगठा, काम ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी लोक का चुकवतात, देव जाणे.

शिवाजी पेठेतल्या वाड्यात आजोबांपासून भाड्यानं राहतो. मालकांना वाडा पाडायचाय. चार महिने भाडं घेत नाहीत, परवा नळाची तोटीच काढून नेली.

तोटीच्या जागेचा फोटो आजच काढा. पाणी, वीज, जिन्यातला दिवा तोडणं त्याच भाडे कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज केलात तर पाणी पुन्हा सुरू करण्याचा आदेश मिळतो. भाडं मात्र थकवू नका, मालकांना तेच हवंय. दर महिन्याला मनीऑर्डर करा. 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली तर तो कागद जपा. वाडा पाडायला जागा हवी तर त्यांनी दावा लावावा. तिथं मंजूर नकाशे आणि पैशाची तजवीज दाखवावी लागते.

लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहायच्या परवानगीच्या कराराची, मुदत संपली. मुलीची दहावी मार्चमध्ये आहे. मालक म्हणतात, राहिलात तर दुप्पट भाडं. खरं?

खरं. त्याच कायद्याचं कलम २४. इथं जुन्या भाडेकरूचं संरक्षण नाही. मालकांनाही सक्षम प्राधिकाऱ्याचा, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचा, आदेश आणावा लागतो, सामान रस्त्यावर टाकता येत नाही. पण त्या भरवशावर बसू नका. परीक्षेपर्यंतचा नवा करार आत्ताच नोंदवा. परीक्षेचं कारण ऐकून नाही म्हणणारे मालक कोल्हापुरात कमीच भेटतील.

घर सोडताना अनामतीतून रंगकामाचे पैसे कापले. चालतं?

करारात लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर चालतं. नसेल तर वकिलामार्फत नोटीस द्या. पुढच्या घराच्या भिंतींचा व्हिडिओ मात्र किल्ली हातात घेतानाच काढा.